जंतूचे विष आणि पेशीतला पहारेकरी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. अशा वेळी बोलायला उभे राहणाऱ्याने आटोपशीर बोलावे हे आम्हाला कळते. आम्हा दोघांपैकी एकाने आयुष्यभर या इंदूर शहरात रुग्ण तपासले आणि दुसरीने कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. त्यामुळे आमच्या घरी जेवताना जंतूंचा विषय निघाला तरी कोणी नाक मुरडत नाही. आज तोच विषय आपल्यासमोर ठेवतो आहोत.

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. भाजी चिरताना बोट कापले आणि जखमेत घाण गेली. दुसऱ्या दिवशी बोट लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने हीच चार लक्षणे लिहून ठेवली आणि वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही पाठ करतात. आपण या सगळ्याला मिळून दाह म्हणतो. आता सांगा, ही चार कामे कोण करते?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले ‘जंतू’ असे उत्तर देतात. पण नीट पाहिले तर चारही कामे आपले शरीरच करत असते. जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते आणि ऊब येते. त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, म्हणून सूज येते. त्या गडबडीत सुटलेली रसायने मज्जातंतूंना डिवचतात, म्हणून ठणका लागतो. तापही आपलाच. काही रसायने रक्तातून मेंदूपर्यंत निरोप नेतात आणि मेंदू शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकवतो. मग जंतूचे विष नेमके करते तरी काय? ते आपल्या पेशींना हे सगळे करायला कसे लावते? आजच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे, आणि त्याचा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी काय संबंध, तेही शेवटी सांगू.

उदाहरण म्हणून एकच जंतू घेऊ, आणि तो आपल्या लोकांना चांगला ठाऊक असलेला घेऊ. दक्षिणेतल्या भाऊबंदांकडून आलेल्या ‘प्लेगच्या साला’च्या गोष्टी आपल्यातल्या कितीतरी घरांत सांगितल्या जात. घरात उंदीर पडला की गाव उठायचे आणि रानात झोपड्या बांधून राहायचे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ही साथ प्रथम ओळखली ती डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे. पुढच्या वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या.

याच साथीसाठी वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. त्यांनी प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवले, उष्णता देऊन मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस टोचल्यावर अंगात ताप भरायचा आणि टोचलेली जागा दुखायची. इथे जरा थांबून विचार करावा असे आहे. लसीतले जंतू मेलेले होते. मेलेला जंतू चावत नाही, वाढत नाही, मग त्याने ताप कसा आणला?

या कोड्याचा पहिला धागा बर्लिनमध्ये आधीच हाती आला होता. त्या काळी जंतूंचे विष म्हणजे जंतू बाहेर सोडतो ते, अशी समजूत होती. १८८८ साली रू आणि यर्सिन यांनी घटसर्पाचे असे विष जंतूंपासून वेगळे करून दाखवले होते. हेच ते अलेक्झांद्र यर्सिन, ज्यांना पुढे १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला. पण रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांना पटकीच्या जंतूंबाबत वेगळेच दिसले. त्यांनी जंतू मारून गिनिपिगला टोचले, तरीही गिनिपिग मेले. म्हणजे हे विष जंतूच्या अंगातच होते. १८९२ साली फायफर यांनी ही कल्पना मांडली, आणि त्या विषाला पुढे एंडोटॉक्सिन हे नाव रूढ झाले. आपण त्याला आंतरविष म्हणू. हेच फायफर १८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोगाबरोबर मुंबईला आले होते.

आंतरविष म्हणजे प्लेग, पटकी, विषमज्वर अशा जंतूंच्या बाहेरच्या आवरणाचाच एक भाग. त्याला साखरेची लांब साखळी असते आणि तळाशी चरबीच्या शेपट्या असतात. याच शेपट्या जंतूच्या आवरणात रुतलेल्या असतात. या शेपट्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

हे आंतरविष पेशीला भोसकते, जाळते किंवा विरघळवते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते यातले काहीच करत नाही. हे कळले ते उंदरांच्या एका जातीमुळे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या या उंदरांना कितीही आंतरविष टोचले तरी काही होत नसे. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी त्याचे कारण शोधले. या उंदरांच्या एका जनुकात बिघाड होता. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन, टोल-लाइक रिसेप्टर चार, पेशीच्या आवरणावर पहाऱ्याला बसलेले असते. आंतरविषाच्या शेपट्या हाताला लागल्या की ते पेशीच्या आत निरोप धाडते आणि पेशी दाहाची रसायने बनवू लागते. या उंदरांचा पहारेकरीच पांगळा होता, म्हणून विष येऊनही कोणी ओरडत नव्हते. या कामासाठी बॉयटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले.

कोणी म्हणेल, मग पहारेकरी नसलेलाच बरा! पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे. याच उंदरांना जिवंत साल्मोनेला जंतू टोचले, तर साध्या उंदराने सहज पचवली असती एवढ्या थोड्या जंतूंनीही ते मरत. ओरडणारा कोणी नाही म्हणून घर शांत राहिले, आणि चोराने निवांतपणे सगळे घर रिकामे केले. दाह हा त्रास आहे खरा, पण तो काढून टाकला तर माणूस उघडा पडतो.

आता आणखी एक अडचण पाहा. आपल्या आतड्यात असेच आवरण असलेले अगणित जंतू सुखाने राहतात. प्रत्येक आवरण पाहून पेशी ओरडू लागल्या तर आपण जन्मभर तापातच राहू. तेव्हा कोणी आले एवढे कळून भागत नाही. आलेला काही तोडफोड करतो आहे का, हेही कळावे लागते. त्यासाठी पेशीच्या आत पहाऱ्याची दुसरी फळी आहे, आणि जंतूंनी बाहेर सोडलेली विषे या फळीच्या हाती सापडतात.

पहिला प्रकार भोके पाडणाऱ्या विषांचा. गळू आणणारा स्टॅफिलोकॉकस एक विष सोडतो. त्याचे सात कण पेशीच्या आवरणावर एकत्र येतात, कडे करून बसतात आणि आरपार भोक पाडतात. न्यूमोनियाच्या जंतूचे विष असेच, फक्त त्याचे कडे कितीतरी मोठे. आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम पुष्कळ असते आणि बाहेर थोडे. भोक पडले की टाकीला गळती लागावी तसे पोटॅशियम बाहेर धावते. पेशीतला एक पहारेकरी नेमकी हीच गळती ओळखतो. तो जागा झाला की बरीच प्रथिने एकत्र येऊन एक मोठा गट्टा तयार होतो. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या युर्ग शॉप यांच्या गटाने त्याला इन्फ्लमासोम हे नाव दिले. या गट्ट्यात एक कात्री असते. ती दोन गोष्टी कापते. एक म्हणजे इंटरल्युकिन-एक हे रसायन. ते कापले की कामाला लागते आणि ताप आणते. दुसरे गॅसडर्मिन नावाचे प्रथिन. त्याचा तुकडा पेशीच्या आवरणाला आतून भोके पाडतो आणि पेशी फुटते.

पेशीने स्वतःच फुटावे हे विचित्र वाटेल. पण आत दडून बसलेल्या जंतूचा आसरा त्यामुळे जातो, आणि फुटताना बाहेर पडलेले रसायन शेजारच्या पेशींना सावध करते. एक जाते आणि वस्ती जागी होते.

दुसरा प्रकार अधिक धूर्त विषांचा. ही विषे भोक पाडत नाहीत. पेशीत शिरून ती तिथल्या एखाद्या महत्त्वाच्या कामगाराला निकामी करतात. पांढऱ्या पेशीला जंतूकडे सरकायचे असते, त्याला कवेत घ्यायचे असते, गिळायचे असते. त्यासाठी तिच्या आतला सांगाडा क्षणोक्षणी मोडावा आणि बांधावा लागतो. या कामाचा मुकादम म्हणजे ऱ्हो नावाचे प्रथिन. मुकादमाला लोळवले की पांढरी पेशी जागच्या जागी थिजते, हे कितीतरी जंतूंनी साधले आहे. प्रतिजैविकांच्या दीर्घ उपचारानंतर आतड्यात माजणारा क्लोस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू ऱ्होला साखरेचा एक कण चिकटवून त्याला बंद पाडतो. दुसरा जंतू त्याला वेगळेच काही चिकटवतो, तिसरा त्याला त्याच्या जागेवरून तोडतो.

इतक्या तऱ्हेच्या चोरांना एकच पहारेकरी कसा ओळखणार? त्याला चोर ओळखावा लागतच नाही. पायरिन नावाचे एक प्रथिन फक्त एवढेच पाहते, की ऱ्होचे काम चालू आहे की थांबले. ऱ्हो कामावर असेपर्यंत त्याच्या हाताखालची दोन प्रथिने पायरिनवर एक रासायनिक मोहोर उमटवत राहतात, आणि मोहोर असेपर्यंत पायरिन झोपलेले असते. ऱ्हो थांबला की मोहोर पुसली जाते, पायरिन जागे होते आणि तोच इन्फ्लमासोमचा गट्टा जमतो. ऱ्होवर कोणीही आणि कसाही घाव घातला तरी पायरिन जागे होते, हे २०१४ साली बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने दाखवले. सराफ्यातला रखवालदार चोराचा चेहरा पाठ करत नाही. कुलूप हलले की तो शिट्टी वाजवतो. पायरिनचे तसेच आहे.

आता आपल्या प्लेगच्या जंतूकडे परत जाऊ. एवढे पहारे असताना त्याने गावेच्या गावे कशी ओस पाडली? उत्तर असे, की त्याने एकेक पहारेकरी गप्प केला.

पिसवाच्या अंगात, थंड वातावरणात, प्लेगच्या जंतूच्या आंतरविषाला चरबीच्या सहा शेपट्या असतात. अशा सहा शेपट्या आपल्या बाहेरच्या पहारेकऱ्याला चटकन कळतात. पण जंतू माणसाच्या ३७ अंशाच्या उबेत आला की तो मुख्यतः चार शेपट्यांचे आंतरविष बनवू लागतो, आणि चार शेपट्या पहारेकऱ्याच्या हाताला नीट लागत नाहीत. २००६ साली शास्त्रज्ञांनी या जंतूत दुसऱ्या जंतूचे जनुक घालून त्याला ३७ अंशांतही सहा शेपट्या बनवायला लावल्या. एरवी उंदरांना हमखास मारणारा हा जंतू तेवढ्यानेच जवळजवळ निरुपद्रवी झाला. वेष बदलता आला नाही, तेव्हा तो दारातच पकडला गेला.

दुसरी युक्ती सुईची. या जंतूच्या अंगावर अतिसूक्ष्म पिचकाऱ्या असतात. त्यांतून तो आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये काही प्रथिने टोचतो. त्यातली काही ऱ्होला बंद पाडतात, आणि एक दाहाचे निरोप वाटेतच अडवते. आता ऱ्हो बंद पडला म्हणजे पायरिन जागे व्हायला हवे. पण त्याच पिचकारीतून आणखी एक प्रथिन येते, आणि ते पायरिनवरची मोहोर पुसू देत नाही. कुलूपही तोडायचे आणि रखवालदारालाही गुंगीत ठेवायचे, अशी ही योजना आहे.

परिणाम काय होतो? फुप्फुसाच्या प्लेगचे उंदरांवर जे प्रयोग झाले, त्यांत पहिला सुमारे दीड दिवस फुप्फुसात जंतू वाढत राहतात आणि दाह जवळजवळ दिसतच नाही. मग जंतू इतके होतात की लपणे अशक्य होते, आणि सगळ्या घंटा एकदम वाजतात. तेव्हाचा दाह इतका भयंकर असतो की फुप्फुस त्यानेच भरून जाते. वेळेवर झालेला छोटा दाह वाचवतो. उशिरा झालेला मोठा दाह मारतो. आमचे आजचे सगळे बोलणे या दोन वाक्यांत आले.

याला जोडून एक गोष्ट सांगतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या काही लोकांमध्ये पायरिनच्या जनुकात पिढ्यानपिढ्या चालत आलेले बदल आढळतात. त्यामुळे त्यांचे पायरिन फार हलक्या झोपेचे असते. आईबापांकडून असे दोन्ही जनुक मिळाले तर जंतू नसतानाही ताप आणि पोटदुखीचे झटके येतात. असा त्रासदायक बदल इतक्या लोकांत टिकला कसा? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की असे पायरिन प्लेगच्या गुंगी देणाऱ्या प्रथिनाला सहजी वश होत नाही, आणि असा बदल घातलेले उंदीर प्लेगमध्ये अधिक तगले. ज्याची झोप हलकी, त्याचे पूर्वज साथीत वाचले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. या तापावर दिले जाणारे औषध म्हणजे कोल्चिसीन. तेच द्रव्य आपल्याकडच्या कळलावीत असते. कोकणात गौरीच्या पूजेला मानाने आणल्या जाणाऱ्या या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. मात्र झाड अतिशय विषारी आहे. त्याचा कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो, तेव्हा घरगुती औषध म्हणून कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गरजेचा भाग. प्लेग आज औषधांनी बरा होतो. पण तोच खेळ रोजच्या जंतूंबरोबर आपल्या घरात चालू असतो. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम, पोटातले गळू. यातला संसर्ग आवरला नाही आणि शरीराचा प्रतिकार भरकटून स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागला, की त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे थकतात, मेंदू भांबावतो.

डॉक्टरांनाही वाटत होते, की ही घंटा औषधाने बंद करावी. बॉयटलर यांनी शोधलेल्या त्याच पहारेकऱ्याला अडवणारे औषध तयार झाले. सेप्सिसच्या जवळजवळ दोन हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१३ साली निकाल आला. मृत्यू कमी झाले नाहीत. सगळी वस्ती जागी होऊन धावाधाव सुरू झाल्यावर पहिल्या घंटेची दोरी कापून काय उपयोग? म्हणून आजही खरा उपाय एकच आहे. लवकर ओळखायचे, लवकर इस्पितळात न्यायचे, लवकर प्रतिजैविक आणि सलाईन सुरू करायचे. इथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नसतो.

आमच्या ओळखीतल्या एका आजींचे उदाहरण सांगतो. सकाळपासून त्या गप्प गप्प होत्या, दुपारी नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागल्या. ताप नव्हता. घरच्यांना वाटले, वय झाले, सणाची दगदग झाली, झोपल्या की बरे वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपाय गार पडले तेव्हा धावपळ झाली. मूळ दुखणे लघवीच्या संसर्गाचे होते. आजी वाचल्या, पण बरेच दिवस अतिदक्षता विभागात काढून, आणि पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. घरच्यांना आम्ही दोष देत नाही. म्हाताऱ्या शरीरात घंटा हलकी वाजते, ताप येतोच असे नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्यासाठीच आम्ही आज इथे उभे आहोत.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. संसर्गाची शंका असताना माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, श्वास मिनिटाला बावीसच्या वर गेला, लघवी फार कमी झाली, हातपाय गार किंवा डागाळलेले दिसले, अंगात हुडहुडी भरली किंवा उलट अंग नेहमीपेक्षा थंड लागले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याची गाडी काढा. इस्पितळात पोचल्यावर ‘सेप्सिस असू शकेल का?’ हा प्रश्न स्वतःहून विचारा. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

तापाची गोळी घेऊन अंग गार झाले म्हणजे संसर्ग गेला असे समजू नका. दुकानातून विचारून स्टेरॉइड घेऊ नका. त्याने घंटा बंद होते, चोर घरातच राहतो. प्रतिजैविक सांगितले तितके दिवस घ्या, आणि उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नका. घरात साठी ओलांडलेले कोणी असेल तर न्यूमोनिया आणि फ्लूच्या लशींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्यातल्या अनेकांची मुले आज पुण्या-बंगळुरूला, परदेशात आहेत आणि मोठ्या घरात दोनच वडीलधारी माणसे राहतात. त्यांच्याकडे रोज एक चक्कर मारणारा, दोन शब्द बोलणारा शेजारी असेल, तर बोलण्यातला फरक पहिला त्याच्याच लक्षात येईल. उत्सवाच्या दहा दिवसांत आपण एकमेकांच्या दारी आरतीला जातोच. अनंत चतुर्दशीनंतरही ही ये-जा चालू ठेवावी, एवढी विनंती करून थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!